खंडेनवमीचा अँगल पाना

खंडेनवमीला आमच्या विलासशेठच्या गॅरेजातला जॅक पाटावर बसतो. डाव्या हाताला पाने, उजव्या हाताला हातोडे, पुढ्यात वेल्डिंगची काच, तिलाही हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शेठ आंघोळ करून पूजा हलवतो. तोपर्यंत कुठल्याच हत्याराला हात लावायचा नाही. मधल्या वेळात कोणाची गाडी बंद पडली तर गाडीनं थांबायचं. ती कुरकुर करत नाही, कारण तिच्याही गळ्यात हार असतो.

पंच्याण्णव सालच्या खंडेनवमीला अगरबत्ती अर्धी जळाली होती, तेवढ्यात माझी सगुणामावशी गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेली अशी गॅरेजात शिरली. मावशीचं गाव धरमतरच्या खाडीकाठी. ती पाटासमोर थांबली, जॅकला नमस्कार केला आणि मला म्हणाली, "परन्या, चल. पोकलेन मुतायला लागलाय."

विलासशेठनं डोळे मिटले. पूजेच्या ठिकाणी हा शब्द त्याला आवडला नाही.

प्रकरण असं होतं. गेल्या अवसेच्या उधाणात गावच्या बांधाला खांड पडली होती, म्हणजे खारं पाणी अडवणारा मातीचा बांध बैलगाडी जाईल एवढा फुटला होता. खांडीच्या बरोबर आत पहिलं शेत मावशीचं. दाणा भरत आलेला. त्या उधाणाला पाणी शेताच्या कोपऱ्यापर्यंत आलं, जरा आत बघितलं आणि परत गेलं. येत्या पुनवेला ते बघून परत जाणार नव्हतं. एकदा खारं पाणी शेतात बसलं की यंदाचा भात तर जातोच, पुढची दोन-तीन वर्षं तिथं गवतसुद्धा तोंड वाकडं करून उगवतं. मावशीकडे दुसरं शेत नव्हतं. दुसरी मावशीही माझ्याकडे नव्हती.

पूर्वी अख्खा गाव खांडीवर उतरायचा. आता तरणी पोरं कंपनीत शिफ्टला. उरलेल्यांनी दोनदा टोपल्यांनी माती टाकली, ती दोनदा खाडीनं नेली. मग मावशीच्या शेजारणीचा जावई नाथा मदतीला आला. तो जेटीच्या कामावर पोकलेन चालवतो. नवमीला काम बंद, म्हणून त्यानं मशीन गुपचूप खांडीवर आणलं. दसऱ्याला सकाळी जेटीचा शेठ येऊन मशीनचीच पूजा करणार होता, तेव्हा उजाडायच्या आत ते परत जागेवर पाहिजे होतं. त्या दिवशी अख्ख्या तालुक्यात पूजा न झालेलं एकच हत्यार शिल्लक होतं, आणि नेमकं तेच गळायला लागलं.

"शेठ, चार पाने घेऊन जातो," मी म्हणालो.

"आज?"

"मावशीचं शेत हाय शेठ."

"आणि हे काय माझं कांद्याचं दुकान हाय?" विलासशेठ पाटाकडे हात करून म्हणाला. मग जरा नरमला. "गळतंय कुठं?"

"केबिनच्या खाली," मावशी म्हणाली. "आत. नाथा म्हनतो हात जातो, पाना नाय फिरत."

"मग आमचे पाने नेऊन बी उपयोग नाय. तिथं अँगल पाना पायजे. मान तिरकी असते त्याची. एका बाजूला थोडी, दुसऱ्या बाजूला जास्त. जरासा फिरवायचा, काढायचा, उलटा करून परत लावायचा. इंचभर जागेत नट पिळतो." विलासशेठ एकदम भक्तिभावानं बोलायला लागला. "पेणमधी तो कुणाकडं नाय. रोह्याला केरूकडं अख्खा सेट हाय, कोलाडला रेल्वेच्या बोगद्यावर होता तवा घेतलेला. पन त्याची बी पूजा झालीच असंल."

"बघतो," मी म्हणालो. घरी थांबून काही बघण्यासारखं नव्हतंच.

*

खांडीवर नाथा मशीनच्या सावलीत उकिडवा बसला होता. त्याच्या बनियनवर तेलाचा नकाशा उमटला होता. मशीनचा लांब हात वर उचलला होता आणि तसाच राहिला होता, वर्गात उत्तर येत नसताना बोट वर केलेल्या पोरासारखा.

मी केबिनखाली हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, डोळे गेले नाहीत. बोटांना तेलाच्या नळीच्या तोंडावरचा नट लागला, सैल झालेला. बोटांनी फिरत होता, पण बोटांनी आवळला जाण्याइतका तो भोळा नव्हता.

"किती नंबरचा नट?" मी विचारलं.

"मोठा," नाथा म्हणाला.

"नंबर?"

"चांगला मोठा."

मोजायचं साधन पूजेत. आता दुसरा कोणी असता तर दोरी घेतली असती, पुठ्ठा घेतला असता. पण आमचं घर पेणच्या मूर्तिकारांचं. वडील, चुलते, आत्या, सगळे गणपती करतात. मी एकटा ग्रीसमध्ये हात घालतो म्हणून घरात माझ्याबद्दल हळू आवाजात बोलतात. तरी माप घ्यायचं म्हटलं की हात आपोआप मातीकडे जातो. मी बांधाचा मूठभर चिखल घेतला, मळला, आत नेऊन नटावर दाबला. मागून अंगठ्यानं चेपला आणि अलगद काढला. झकास साचा आला. एका बाजूला सहा कोनी खड्डा, दुसऱ्या बाजूला माझ्या अंगठ्याचा. अंगठा त्यात टोपी घातल्यासारखा बसत होता.

"हा घेऊन जातो रोह्याला," मी म्हणालो.

मावशीनं साचा बघितला. "हिकडं पाना मागत्यात, हा चिखल घेऊन चालला," ती नाथाला म्हणाली. "ह्याचा बाप पन असाच."

वडखळच्या नाक्यावर रोह्याची एसटी मिळाली. जागा फक्त ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या झाकणापाशी. साचा हातात ओला होता आणि गाडी गचके देत होती. कोन मोडले असते, म्हणून मी साचा रुमालावर ठेवून गरम झाकणावर भाजायला लावला.

"गणपती काय?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नट."

"बरं," असं म्हणून त्यानं जरा सांभाळून गिअर टाकला.

गाडी गडब गावाला थांबली. तिथं झेंडूचे ढीग लागले होते आणि अर्धी गाडी फुलं घ्यायला खाली उतरली. मीही उतरलो, परत चढलो, परत उतरलो. फुलांची घासाघीस करणाऱ्या एका बाईला मी म्हणालो, "मावशी, घ्या हो लवकर." ती म्हणाली, "का, तुला देव व्हायचंय?" नागोठण्याला ड्रायव्हर चहाला गेला. त्याच्या मागे मी गेलो आणि तो पीत असताना समोर उभा राहिलो. त्यानं निम्मा चहा मला दिला. मला चहा नको होता, गाडी पाहिजे होती, पण घेतला.

*

केरूदादाचं घर रोह्याला रेल्वेच्या रुळाला लागून. ओसरीतच त्याचं वर्कशॉप. पाटावर लाल कापड, त्यावर अँगल पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं निजलेले. प्रत्येकाची मान एकाच बाजूला तिरकी, जणू सगळे मिळून कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकतायत. प्रत्येकावर हळदीचं बोट, कुंकू आणि झेंडूचं एक फूल.

केरूदादानं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी ने."

"उद्या मशीन नाय, दादा."

"मग मशीन थांबव."

"मशीनची उद्या पूजा हाय."

केरूदादा पाटाकडे बघायला लागला. एका पूजेसाठी दुसरी मोडायची की दुसरीसाठी पहिली, हा प्रश्न त्याला रेल्वेच्या बोगद्यातही पडला नव्हता.

त्याची बायको चंद्रावतीवहिनी आतून आली. मी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं, मावशीच्या चिखलासकट. ती पदराला हात पुसत म्हणाली, "शेत खाऱ्यात गेलं तर त्या बाईनं खायाचं काय? पाने?"

"मी काय नाय बोललोय का?" केरूदादा म्हणाला. "पन पूजा मांडलीय गो."

"मग इचार ना. कौल लाव."

आमच्याकडे देवाला विचारायचं तर फूल लावतात. उजवीकडे पडलं तर हो, डावीकडे पडलं तर नाही. पान्याला कौल लावलेला मी तरी ऐकला नव्हता. केरूदादानंही ऐकला नसावा, पण फुलं आयती लावलेलीच होती.

"कंच्या पान्याला लावू?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांना लावा."

"देवाला घाऊक इचारत नाय. एक सांग."

तेव्हा मी साचा काढला. इंजिनावर भाजून तो खणखणीत झाला होता. पान्यांना हात लावायचा नव्हता, पण केरूदादाकडे सुट्या नटांचा डबा होता. नट हे हत्यार नाही, त्यामुळे त्याला पूजाही नाही. गरिबांचं असंच असतं. एकेक नट साच्यात टाकून बघितला. तीसचा खुळखुळला. बत्तीसचा असा बसला की बाहेर काढायला साचा उलटा करून ठोकावा लागला.

"बत्तीस," मी म्हणालो. छाती जराशी फुगली होती.

केरूदादानं बत्तीसच्या पान्यासमोर हात जोडले. "बाबा, खांड पडलीय. गरिबाचं शेत हाय. जायाचं असंल तर उजवं दे."

आम्ही फुलाकडे बघत बसलो. वहिनीनं पंखा बंद केला, उगाच देवाला वाऱ्याचा आळ नको. माझा डावा पाय हलायला लागला. मी तो धरून ठेवला तर उजवा सुरू झाला. बाहेर कोंबडी ओरडली. फुलानं जरा मान वळवली आणि ते डावीकडे पडलं. त्यात काहीच गडबड नव्हती, सरळ डावीकडे.

"नाय म्हनला," केरूदादा म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं, कारण त्यानं मला लगेच वाटीभर खोबरं दिलं.

खोबरं चावत मी ओसरीत येरझाऱ्या घालायला लागलो. एकची गाडी चुकली तर तीनची. तीनची धरली तर खांडीवर पोचेपर्यंत अंधार, आणि अंधारात चोरून आणलेला पोकलेन दिवा लावून चालला की जेटीवर सगळ्यांना दिसणार. हाताला काही चाळा हवा म्हणून मी साच्यातल्या अंगठ्याच्या खड्ड्यात अंगठा घालायला लागलो.

अंगठा जाईना.

परत घातला. नखापर्यंत गेला आणि अडला. सकाळी टोपीसारखा बसत होता. अंगठा सुजला असेल म्हणून मी दुसऱ्या अंगठ्याशी लावून बघितला. सारखेच होते. मग डोक्यात लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडात माझे वडील उभे. गणपतीचे कान करताना ते सगळ्यांना एकच सांगतात, माती धरताना जास्त धरा, सुकली की आत जाते. हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकतोय. अख्खं पेण ऐकतंय. आणि त्याच पेणचा मी चिखलाचं माप इंजिनावर भाजून रोह्याला घेऊन आलो होतो.

"दादा, बत्तीस नाय!" मी ओरडलो. "माती आकसली!"

"आँ?"

"हे बघा, माझा अंगठा जात नाय माझ्याच अंगठ्यात!"

केरूदादानं स्वतःचा अंगठा घालून बघितला. त्याचाही गेला नाही, पण त्यानं काहीच सिद्ध होत नव्हतं. वहिनीला मात्र पटकन कळलं. "भाकरी पन भाजली की लहान होती," ती म्हणाली. "मग खरा नट मोठा हाय."

"बत्तीसच्या वर काय हाय सेटमधी?"

"छत्तीस. असल्या नळ्यांना बत्तीसनंतर छत्तीसच येतो." केरूदादा थांबला. मग बत्तीसच्या पान्याकडे आदरानं बघत म्हणाला, "म्हनून नाय म्हनला तो."

वाद घालायला वेळ नव्हता. केरूदादा छत्तीससमोर बसला, परत तेच गाऱ्हाणं. आम्ही परत बघत बसलो. हे फूल हलेना. त्याला हळद जास्त लागली होती आणि ती वाळून फूल पान्याला चिकटलं होतं. पाच मिनिटं गेली. मी फुंकर मारण्याएवढं पुढे वाकलो, तर वहिनीनं माझी कॉलर धरली.

"दादा, एक वाजायला आले."

"देवाला घड्याळ दाखवतो काय?"

तेवढ्यात पाट थरथरला. रुळावरून मालगाडी चालली होती. भिंत हलली, फडताळातल्या बरण्या वाजल्या, डब्यातले नट नाचायला लागले. पाने एकमेकांना घासून किणकिणले. छत्तीसचं फूल सुटलं, पान्याच्या मानेवरून घसरलं आणि उजवीकडे पडलं.

"हा रेल्वेनं दिला," केरूदादा म्हणाला.

"रेल्वे काय राक्षसाची हाय?" वहिनी म्हणाली. "उठ, पाना दे."

"पन पूजा मोडंल."

"कशी मोडंल? पूजा बरोबर जाईल. मी नेते."

आणि तिनं ताटात लाल कापड अंथरलं, त्यावर पाना ठेवला, बाजूला कंदील पेटवला आणि चपला घातल्या. लग्नाला निघाल्यासारखी.

*

एसटीत कंडक्टर ताटासमोर थांबला. "हे काय?"

"पूजा चाललीय," वहिनी म्हणाली.

"कंदील विझवा."

"तुमच्या घरच्या पूजेत दिवा विझवता काय?"

कंडक्टरनं तिच्याकडे बघितलं, पान्याकडे बघितलं, दोन तिकिटं फाडली आणि जाता जाता छातीला हात लावला. गडबला ती सकाळचीच घासाघीस करणारी बाई चढली. तिनं ताटात झेंडू ठेवला. "कुठला देव गो?"

"रोह्याचा."

"पावतो का?"

"हायड्रॉलिकला," मी म्हणालो.

"बरा हाय," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघून ओळखीचं हसली. "तू झालास वाटतं रे देव."

मी हसलो नाही. माझं लक्ष खिडकीबाहेर होतं. ऊन भाताच्या लोंब्यांवर तिरकं पडायला लागलं होतं आणि ड्रायव्हर नवा होता, चहा पिणारा.

खांडीवर पोचलो तेव्हा मावशी बांधावर उभी होती, कंबरेवर हात ठेवून खाडीकडे तोंड करून. खाडीला डोळ्यात डोळे घालून थांबवता आलं तर तिनं ते केलंच असतं. वहिनीच्या ताटाकडे तिनं बघितलं आणि काही न विचारता पदर डोक्यावर घेतला.

मी मशीनखाली शिरणार, तोच खाडीवरून वारा आला आणि कंदील विझला. वहिनी जागच्या जागी थांबली. "दिवा गेला. आता नाय लावायचा हात."

"काडेपेटी?"

"भिजली," नाथा म्हणाला.

पाणी खांडीच्या तोंडाशी चुळूकचुळूक करत होतं. मग नाथा केबिनमध्ये चढला आणि त्यानं मशीनचा दिवा लावला. भर उन्हात तो मोठा पिवळा डोळा ताटावर पडला. पाना चमकला.

वहिनीनं जरा विचार केला. "हा पन दिवाच की," ती म्हणाली आणि पाना माझ्या हातात दिला.

हळदीनं तो निसरडा झाला होता. मी हात आत घातला. डोळे मिटले, नाहीतरी ते आत जात नव्हतेच. पान्याचा जबडा नटाला लागला. एक क्षण वाटलं, अंगठाच खोटा निघाला तर? मग तो नटावर बसला, खळखळला नाही, अडला नाही. जरासा फिरवला. काढला. उलटा केला. परत लावला. जरासा फिरवला. बाहेर मावशी विचारत होती, "फिरतो काय रं?" आणि नाथा म्हणत होता, "बोलू नको गो, तो जप करतोय." खरंच मी प्रत्येक फेऱ्याला काहीतरी पुटपुटत होतो. देवाचं नाव नव्हतं. शिव्या होत्या.

नट आवळला. नाथानं इंजिन सुरू केलं. नळी फुगली, थरथरली, कोरडी राहिली. मशीनचा वर राहिलेला हात खाली आला, आणि त्यानं बांधालगतची माती उचलून पहिली बादली खांडीत टाकली.

दिवस बुडायच्या आत खांड भरली. वहिनी पूर्ण वेळ ताट मांडीवर घेऊन बांधावर बसली होती, पाना कापडावर, चिखलानं आणि तेलानं भरलेला. पुसायचा नाही, ती म्हणाली, पूजा हलल्याशिवाय नाही. ती रात्री मावशीकडेच राहिली आणि दसऱ्याला सकाळी पूजा तिथंच हलवून पाना घेऊन गेली. मावशीनं तिच्या ताटात भाताची एक हिरवट लोंबी ठेवली. केरूदादानं नंतर निरोप पाठवला की बत्तीसचा पाना तेव्हापासून बरोबर नट पकडत नाही, रुसलाय.

पुनवेला दुपारी उधाणाचं पाणी आलं. मी, नाथा आणि मावशी बांधावर उभे होतो. पाणी चढलं. जुन्या बांधाला लागलं, नव्या मातीला लागलं, मावशीच्या पावलांच्या खाली हातभर अंतरावर थांबलं. बराच वेळ थांबलं. माझे दोन्ही पाय हलत होते.

"उभा राहा की नीट," मावशी म्हणाली. "बांध हलतोय तुझ्यानं."

मी बसलो. त्या भरावात कुठंतरी माझा भाजलेला साचाही होता, शेवटच्या बादलीआधी मीच फेकलेला. पाण्यानं तो आता परत भिजला असेल, परत फुगला असेल, अंगठा त्यात परत बसला असता. हे मी मावशीला सांगायला तोंड उघडलं, पण पाणी उतरायला लागलं होतं आणि ती खाली वाकून, हातानं चिखल उचलून, नव्या मातीतली एक बारीक भेग बुजवत होती.

"बघत काय बसलास?" ती म्हणाली. "जास्त धर. सुकली की आत जाते."